उसाला बांधलेली लेस

चलथाण ते पलसाणा मी रोज सकाळी मोटारसायकलने जातो, आणि चांगली चालवतो. थंड वारा, साखर कारखान्याचा गोडसर वास, ट्रकांच्या मधून बरोबर सापडणारी वाट. त्या अर्ध्या तासात मी कुणाचाच नोकर नसतो.

त्याच रस्त्यावर एक साडीवाला दिसायचा. गाडीवर मागे साड्यांचे गठ्ठे, हँडलला एक पिशवी. रेल्वे फाटकापाशी उसाचा ट्रॅक्टर थांबला की हा गाडी स्टँडला लावून उतरायचा. पिशवीतून साडीच्या चमचमत्या टिकल्यांच्या लेसचा तुकडा काढायचा आणि ट्रॉलीच्या मागे बाहेर आलेल्या उसाला बांधायचा. गाठ एकदा ओढून बघायचा, मगच परत फिरायचा.

“शादी है क्या?” एकदा ट्रॅक्टरवाला वरून हसला.

“हां, तेरे गन्ने की,” म्हणत यानं आणखी एक तुकडा बांधला.

मी साडीवाल्याला विचारलं, “भाऊ, तुम्ही इतक्या सफाईनं गाडी चालवता. मग हा उद्योग कशाला?”

“माझे ब्रेक मला ठाऊक आहेत, भाऊ. मागून येणाऱ्याचे नाहीत.”

मी हसलो आणि पुढे निघालो.

जानेवारीतल्या एका सकाळी दाट धुकं होतं. माझ्या दिव्यात समोर काहीतरी लुकलुकलं आणि मी ब्रेक दाबला. गाडी घसरत जाऊन उसाच्या टोकांपासून हातभर अंतरावर थांबली. समोर बंद पडलेला ट्रॅक्टर होता. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, लाल फडकंही नव्हतं. फक्त दवानं भिजलेली लेस होती.

माझे ब्रेक आठवडाभर ढिले होते, आणि ते फक्त मलाच ठाऊक होतं.