साडेतीनला मावळणारा सूर्य

परदेशात शिकून आलेल्या माणसाला आमच्याकडं कुणी विद्या विचारत नाही. 'तिकडं खाल्लंस काय?' हेच विचारतात! त्यामुळं शिकलेलं हळूहळू विसरून जातं आणि खाण्यापिण्याचे किस्से तेवढे साचत राहतात. माझ्याकडचे बहुतेक माझ्या मित्राचे, भूपालचे आहेत. आज हसत सांगतोय, पण तेव्हा हसू येत नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. आम्ही तिघं रसायनशास्त्र शिकायला एडिंबरोला निघालो होतो. मी काकतीच्या शेतकऱ्याचा मुलगा. वसंता बेळगावच्या कॅम्पातला, त्याचे वडील गोऱ्या साहेबांचे सूट शिवायचे. आणि भूपाल निपाणीच्या जैन व्यापाऱ्याचा मुलगा.

स्टेशनवर भूपालच्या आप्पांनी त्याला बजावलं, "नापास झालास तर परत येऊन तंबाखूच्या वखारीत बसायचं, बघ!"

आईनं त्याला बाजूला घेतलं. "पास हो न्हायतर नापास हो. दिस बुडायच्या आत जेव. येवढं कबूल कर."

भूपालनं लगेच कबूल केलं. त्यांच्या घरात सगळे तसंच जेवायचे. त्यात अवघड ते काय, असं आम्हालाही वाटलं.

*

ऑक्टोबरात तिथला सूर्य बेळगावच्यासारखाच वागला. नोव्हेंबरात त्याची लक्षणं बिघडली. भूपाल रोज खिडकीशी उभा राहून काळजीनं बघायचा.

"अरं, ह्यो रोज लौकर चाललाय. थांबणार तरी कुठं?"

डिसेंबरात साडेतीन वाजून गेले की अंधार! आम्ही वर्गात असायचो आणि भूपालचं रात्रीचं जेवण तिथंच बुडायचं. मग दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत पाणीसुद्धा नाही. आणि उजाडायचंही किती उशिरा!

इंग्रजांच्या राज्यावर सूर्य मावळत नाही, हे आम्ही शाळेत छड्या खाऊन पाठ केलं होतं. वसंता भडकला.

"साऱ्या जगात ह्यांचा सूर्य मावळंना, आणि ह्यांच्याच घरात दुपारी अंधार व्हय रं!"

*

धुक्याच्या दिवशी तर आणखी पंचाईत. सूर्य दिसायचाच नाही. मग तो आहे की गेला, हे ठरवायचं कुणी?

एकदा भूपाल हातात पाव घेऊन थेट चौकातल्या पोलिसाकडं गेला. "माफ करा, सूर्य मावळला का हो?"

पोलिसानं त्याच्याकडं बघितलं, पावाकडं बघितलं, वर बघितलं.

"मुला, मंगळवारपासून तो उगवलेलाच नाही!"

भूपाल पाव खिशात घालून परत आला. त्या दिवशी तो उपाशीच झोपला. मला मात्र झोप लागली नाही.

*

आमची घरमालकीण मिसेस मॅके. विधवा बाई, एकटीच राहायची. आम्हाला वाढून ती स्वयंपाकघरात निघून जायची. तिला जेवताना आम्ही कधी पाहिलं नाही.

पहिल्याच दिवशी तिनं प्रेमानं मटण वाढलं. भूपाल नको म्हणाला. अंडं आणलं, तेही नको. शेवटी वाफाळते बटाटे आणले. जमिनीखालचंही चालत नाही, असं भूपालनं अगदी अदबीनं सांगितलं.

बाई खुर्चीत बसली. "मग तू आजवर जगलास तरी कसा?"

पण बाई हट्टी होती. मसुराची डाळ आणि भात करायला शिकली. वर्तमानपत्रातून सूर्यास्ताची वेळ कापून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवू लागली. वर्ग नसेल त्या दिवशी पावणेतीन झाले की जिन्यातून हाक यायची, "भूपाल, तुझा सूर्य निघाला!"

*

तरी पोरगा वाळतच गेला. वसंताच्या वडिलांनी शिवलेला कोट त्याच्या अंगावर लोंबायला लागला. वसंता कोटाला टाचण्या लावता लावता म्हणाला, "माझ्या बाच्या मापात चूक निघत न्हाय. तूच कमी झालायस."

मी रागावलो. म्हटलं, "एक दिस जेव की रं अंधारात. आईला कोण सांगणार हाय?"

"मीच सांगणार की," भूपाल म्हणाला. "घरात पाय ठेवल्या ठेवल्या ती इचारणार. मग?"



*

दुसऱ्या डिसेंबरात शेवटची प्रॅक्टिकल परीक्षा आली. वेळ दुपारी एक ते चार! आदल्या दिवशी भूपालचा चौदशीचा उपास होता. सकाळी पारणं करायला बसला, पण धास्तीनं घास उलटून पडला. तसाच हॉलमध्ये आला.

मी शेजारच्या टेबलाशी होतो. साडेतीन वाजायला आले. त्यानं हातातली काचेची नळी ठेवून टेबलाची कड धरली. ओठ पांढरे पडले. बाहेर जावं तर नापास, म्हणजे वखार. थांबावं तर सूर्य जाणार आणि पुन्हा उद्यापर्यंत उपास. हा आता खाली पडणार, म्हणून मीही माझी नळी ठेवून त्याच्याकडं सरकलो.

तेवढ्यात दार उघडलं. मिसेस मॅके! डोक्यावर बर्फ, आणि अंगावरची शाल काढून एका भांड्याला गुंडाळलेली.

म्हातारे प्रोफेसर ओरडले, "बाई, इथं परीक्षा चाललीय!"

"चालू दे. हा मुलगा दोन दिवस उपाशी आहे आणि सूर्य दहा मिनिटांत जातोय. तुमची परीक्षा थांबेल, सूर्य थांबणार नाही!"

प्रोफेसर खिडकीशी गेले, बाहेर बघितलं, खिशातलं घड्याळ काढलं.

"बर्नर बंद करा सगळ्यांनी. दहा मिनिटं."

भूपाल खिडकीत उभा राहून डाळभात जेवला. बाईनं रिकामं भांडं उचललं आणि बर्फातून चालती झाली. भूपाल पास झाला.

*

परत आल्यावर आम्ही तिघं निपाणीला भूपालच्या घरी गेलो. दिवस बुडायच्या आत पानं वाढली होती. हा किस्सा वसंतानं अगदी रंगवून सांगितला, प्रोफेसरांची नक्कल करून. आप्पा तर डोळ्यांत पाणी येईतो हसले.

आई वाढता वाढता ऐकत होती. ऊन तंबाखूच्या शेतांवरून सरकत चाललं होतं. भूपालच्या ताटाशी आल्यावर तिची पळी तशीच थांबली.

"व्हय रं, पर ती बाई त्या दिशी जेवली का?"

भूपालनं माझ्याकडं बघितलं. मी वसंताकडं.