मानधनातला मान

घाटघरच्या दवाखान्यात मी सहा वर्षं डॉक्टरकी केली, ती मानधनावर. मानधन म्हणजे पैसेच, फक्त त्याला पगार म्हणायचं नाही. पगार म्हटलं की वाढ आली, रजा आली. तरी गावातल्या बायांना मी ऐटीत सांगायची, बाळंतपणानंतर सव्वा महिना तरी पाठ टेकायची. मला स्वतःला सहावा महिना लागला तेव्हा कळलं, की मी पाठ टेकली तर माझा करारच संपणार आणि दवाखान्याला कुलूप लागणार. माझं डोकंच फिरलं.

तालुक्यातले आम्ही सगळे मानधनवाले डॉक्टर जुन्नरला एका सरकारी कार्यालयापुढे ठाण मांडून बसलो. बाळंतपणं आणि तातडीचे पेशंट सोडून बाकी काम बंद. मागणी एकच, आदेशात 'मानधन' खोडा आणि 'वेतन' लिहा. साहेब माणूस गोड. म्हणाले, "मॅडम, एका शब्दासाठी कशाला हट्ट? मानधनात केवढा मान आहे."

"मग रजेचा अर्ज त्या मानाकडेच देते," मी म्हणाले. साहेब पाणी प्यायले.

चौथ्या दिवशी एसटीतून आमच्या गावचे म्हातारबाबा उतरले, मागे सात-आठ बाया. त्यांच्या बीपीच्या गोळ्या संपल्या असणार, हे मला माहीत होतं. आता चारचौघांत खरडपट्टी निघणार म्हणून मी मान खाली घातली. बाबा मात्र मला ओलांडून सरळ आत साहेबांच्या टेबलापाशी गेले. आम्ही मागोमाग. त्यांनी पिशवीतून नारळ, टॉवेल आणि टोपी काढून समोर मांडली.

बाबा आमच्या जत्रेचे मानकरी. दर वर्षी पहिला नारळ आणि टॉवेल-टोपी त्यांची. बाईंना नुसतं मानधन मिळतं, असं गावातल्या आशा सेविकेकडून कळल्यावर त्यांनी त्याचा आपल्यापरीने अर्थ लावला होता.

"सायेब, मान मलाबी मिळतो. त्याच्यावर चूल पेटत न्हाई. डाक्टरीणबाईला सा वर्सं तुमी नारळावर ठिवलं व्हय?"

साहेब गडबडले. "अहो बाबा, मानधन म्हणजे पैसेच असतात."

"मंग पगार म्हना की."

शिपाई आधी हसला, मग सगळं कार्यालय. साहेबही हसले. आमचं निवेदन त्यांनी त्याच दुपारी शिफारस लिहून वर पाठवलं. इतर तालुक्यांतले डॉक्टरही बसलेच होते, सगळं श्रेय नारळाला देत नाही. पंधरा दिवसांनी आदेश आला. त्यात 'वेतन' होतं, खाली बाळंतपणाची रजाही होती. मी तो तीनदा वाचला आणि भर कार्यालयात ढसाढसा रडले. मग पेढे वाटले, पहिला साहेबांना.

रजेवर निघायच्या दिवशी मी बाबांचं बीपी तपासत होते. त्यांचा चेहरा पडलेला. शेवटी विचारलंच, "बाई, पगार झाला. म्हंजी आता मान बंद का?"

"तो कोण बंद करणार?" मी म्हणाले.

बाबांनी दाराकडे पाहिलं. त्यांची बायको आत आली. साहेबांच्या टेबलावरून बाबांनी परत उचलून आणलेला तोच नारळ तिने माझ्या ओटीत घातला.

"पगार सरकारचा," बाबा म्हणाले. "मान आमचा."