लेखाखालचं नाव

पहिला अंक हातात पडला आणि निर्मलाबाईंचं डोकंच फिरलं.

साल १९३७. नवापूरच्या दवाखान्यात त्या मुख्य परिचारिका होत्या. खानदेशातल्या परिचारिकांनी आपलं शास्त्रीय त्रैमासिक काढायचं ठरवलं आणि संपादकपद त्यांच्या गळ्यात घातलं. "रोग्यास आराम पडला" असं कुणी लिहिलं की त्या समासात विचारायच्या, "कशावरून?"

पहिल्या अंकात सगळ्यांत भक्कम लेख होता खांडबाऱ्याच्या नर्स छबूबाईंचा. विषमज्वराच्या रोग्याला काय, कसं भरवावं, यावरचा. निर्मलाबाईंनी तो परत पाठवून पाठवून घडवून घेतला होता. छापून आला तेव्हा खाली नाव होतं सल्लागार मंडळाच्या अध्यक्षांचं, डॉक्टर फत्तेसिंग गिरासे यांचं!

त्या तडक नंदुरबारला छापखान्यात गेल्या. मालक बन्सीलाल चाचरत म्हणाला, "शेवटचं प्रूफ डॉक्टरसाहेबांनीच पाहिलं. मी त्यांना काय म्हणणार?"

तिथून त्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर मात्र शांत होते. "लेखाला वजन नको का, बाई? नर्सचं नाव पाहून कोण वाचणार?"

"वाचणाऱ्या नर्सच आहेत, साहेब."

"रोगी माझे होते."

"तपासून तुम्ही निघून जात होता. उशाशी ती बसली."

डॉक्टर हसले. ते हसू निर्मलाबाईंना फार झोंबलं. त्या तशाच गाडीत बसून खांडबाऱ्याला गेल्या.

छबूबाई इंजेक्शनच्या पिचकाऱ्या उकळत होत्या. अंक त्यांनी पाहिला होता. पुढच्या अंकात खुलासा छापते म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "जाऊ द्या ना बाई. बोभाटा करशात त मन्ही नोकरी जाई."

निर्मलाबाईंना त्यांचाही राग आला. "तुझी मेहनत आहे ती! तुला काहीच वाटत नाही?"

"वाटस ना!" छबूबाई एकदम ओरडल्या. "पन पोट शे ना बाई!" मग त्यांनी चिमटा खाली ठेवला. "छापा," त्या म्हणाल्या. "पन नाव पुरं छापा. मन्हा बापनं बी."

दुसऱ्या अंकाच्या वेळी निर्मलाबाई छापखान्यात ठाण मांडून बसल्या. पहिल्याच पानावर खुलासा आला: लेख छबूबाई चुडामण पाटील यांचा आहे, चूक झाली, तिची जबाबदारी संपादकाची.

डॉक्टरांनी अध्यक्षपद सोडलं. महिन्याभरात छबूबाईंची बदली धडगावच्या डोंगरात झाली. नव्या लेखासाठी निर्मलाबाईंनी त्यांना कितीदा लिहिलं, पण उत्तर आलं नाही. आपण बरोबर केलं का, हा प्रश्न त्यांना छळायचा, आणि त्या छळाचाही राग यायचा.

चौथ्या अंकाला डॉक्टरांचाच लेख आला, भाजलेल्या रोग्यांवर. निर्मलाबाईंनी तो चुका काढायच्या इराद्यानेच वाचायला घेतला. लेख उत्तम होता. त्या आणखी चिडल्या. टाक उचलून त्यांनी समासात लिहिलं, "या रोग्यांच्या जखमा रोज कोणी धुतल्या? नावे कळवावीत. त्याशिवाय छापता येणार नाही."

उत्तराला बरेच दिवस लागले. कोऱ्या कागदावर दोन नावं होती, गजराबाई आणि रमिलाबाई. बाकी एक शब्द नाही.

लेख तिघांच्या नावांनी छापला. निर्मलाबाईंनी अंकाची एक प्रत धडगावला पाठवली आणि पुढच्या वर्षाच्या लेखांचा गठ्ठा पुढ्यात ओढला.