चव बघणाऱ्या नीलाबाई

देवणीहून निघालो त्या सकाळी सामान एसटीच्या टपावर चढत होतं आणि मी खाली यादी घेऊन उभी होते. गादी, दोन पेट्या, स्टोव्ह, पाटा, वरवंटा, पाण्याचे डबे. हमालानं वस्तू उचलली की मी खूण करायची. कंडक्टरनं विचारलं, पाटा कशाला नेता, लातुरात दगड मिळत नाहीत का. आई त्याच्याशी वाद घालायला लागली आणि त्या गडबडीत वरवंटा खालीच राहिला. यादीत मात्र त्याच्यापुढं खूण होती.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. विहिरीनं तळ दाखवला होता. परसातली वांगी, दोडका, शेपू, सगळं माळवं वाळून गेलं होतं. भाजीपाल्याला आपण माळवं म्हणतो, हे देवणीकरांना सांगायला नको. पण नांदेडला आणि पुण्याला गेलेल्यांची मुलं हे वाचतील, त्यांच्यासाठी लिहिते. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि नव्या कचेरीत माझ्या मिस्टरांची बदली झाली होती. जिल्हा या शब्दावर दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फार भरवसा. एसटीच्या खिडकीशी येऊन म्हणाले, "जिल्ह्याचं गाव हाय आता. नळ असंल. रोज ताजं माळवं खाशील."

नळ होता, तेवढं दादांचं बरोबर निघालं. पाणी कधी चौथ्या दिवशी यायचं, कधी आठवड्यानं. मी त्याचं वेळापत्रक करून दारामागं चिकटवलं. गल्लीतल्या बायका ते बघायला यायच्या आणि हसून जायच्या, कारण नळानं ते कधी वाचलं नव्हतं.

वर्षभरात मला बालवाडीत काम मिळालं. डाळमिलांच्या मागं दुष्काळानं गाव सोडून आलेल्यांची वस्ती होती. बाया मिलमध्ये डाळ निवडायला जायच्या आणि लेकरं आज्ज्यांच्या हवाली असायची. आम्ही गाणी शिकवायचो, दुपारी उसळ आणि एखादी भाजी द्यायचो, महिन्याला वजन करायचो. कधी औशाहून येणारी भाजीवाली मऊ पडलेले पेरू स्वस्तात देऊन जायची, तो दिवस सणाचा.

मुलं भाज्या खात नाहीत हे पहिल्याच आठवड्यात कळलं. उसळ संपायची, भाजी ताटलीच्या कडेला राहायची. मी एक वही सुरू केली. सकाळी आजी लेकराला सोडायला आली की विचारायचं, काल घरी कोणतं माळवं केलं, आणि नावापुढं लिहायचं. वही सुरेख भरत गेली. सगळ्यात भरलेली ओळ होती महादेवीची. वय तीन वर्षं, मनगट माझ्या अंगठ्याएवढं. तिची आजी नीलाबाई रोज दारातूनच सांगायची: मेथी, वांगं, चुका, परत मेथी.

आणि वजन वाढत नव्हतं. दोन महिने काटा जागचा हलला नाही, तिसऱ्या महिन्यात थोडा मागं आला. वजनाच्या दिवशी येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की एक साधा ताप आला तरी या पोरीला झेपायचा नाही. त्या दिवसापासून मला बाकी काही सुचेना. म्हातारी थापा मारते, असं मी मनाशी पक्कं केलं. एका रविवारी दुपारी वही घेऊन मी तिच्या घरी गेले, चांगली झाडायच्या तयारीनं.

दारात आजी आणि नात एका ताटलीत जेवत होत्या. ताटलीत काळा चहा आणि त्यात कुस्करलेली भाकरी. मी वही उघडून विचारलं, मावशी, काल मेथी लिहिलीत, परवा वांगं. मग हे काय?

नीलाबाई जराही बिचकली नाही. "खोटं सांगितलं का म्या? तुमी इचारलं काय केलं. केली हुती की मेथी. ल्योक-सुनंच्या डब्यात गेली."

"आणि तुम्ही दोघी?"

"ते कुटं इचारलं तुमी?"

मग तिनं मला समजावून सांगितलं, जणू मीच बालवाडीतली. कमावत्या माणसाचा डबा आधी. उरलं तर बघू, आणि दुष्काळात उरत नाही. नातीला वेगळं वाढावं तर ती खात नाही; आजीच्या ताटलीत जे असेल तेच तिला गोड लागतं.

घरी आले आणि स्वयंपाकघरात गेले. सकाळी मिस्टरांना वाढलेल्या दोडक्याची कढई घासून पालथी पडली होती. मी स्वतः भाकरी-चटणी खाऊन निघाले होते. वहीतल्या आज्ज्यांना काय विचारायचं ते मला तोवर का सुचलं नाही, ते तिथं कळलं.

दुसऱ्या दिवशी मी नीलाबाईला म्हटलं, तुम्हीही इथं जेवा. ती भडकलीच. "लेकराच्या तोंडचं खाऊ व्हय मी?" मी घाईनं शब्द फिरवला. म्हटलं, जेवायला नाही हो, कामाला. मुलांना देण्याआधी भाजीची चव बघायला जाणतं माणूस लागतं. वाटी घेऊन मुलांच्या पंगतीत बसायचं आणि वाटी संपवून मगच सांगायचं, एका घासानं चव कळत नाही.

काम म्हटल्यावर ती पदर खोचून बसली. त्या दिवशी शेवग्याच्या पाल्याची भाजी होती. मिलच्या कुंपणाला शेवगा होता, पाऊस नसला तरी हिरवा. नीलाबाईनं घास घेतला, डोळे मिटले, म्हणाली मीठ कमी हाय, लसूण जळलाय, कुणी केली ही? मी केली होती. दुसरा घास घेतला. तिसऱ्याला महादेवी सरकत तिच्या मांडीशी आली आणि आजीच्या वाटीत तिनं बोटं बुडवली. मी न बघितल्यासारखं केलं. पोरीनं बोटं चाटली आणि परत बुडवली.

आठवड्याभरात बाकीच्या आज्ज्या भांडायला आल्या. नीलीलाच का चव कळती, आमची जीभ काय गेली का? मग पाळ्या लावल्या. पंगतीत आज्ज्या मिटक्या मारायला लागल्या, मला नावं ठेवायला लागल्या, आणि लेकरं त्यांच्या वाट्यांतून चोरून खायला लागली. नीलाबाईनं सुनेला काय सांगितलं कोण जाणे, पण पुढं घरीही भाजीतली एक पळी डबा भरायच्या आधी बाजूला निघू लागली. महादेवीचा काटा आधी थांबला आणि मग पुढं सरकला. आता तिला स्वतःची दोन मुलं आहेत आणि कारलं सोडून ती सगळं खाते.

घर कुठलं, असं कुणी विचारलं की पूर्वी मी देवणी सांगायची, मग काही वर्षं लातूर. आता दोन्ही सांगते, आणि दोन्हीकडं चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला एकच गोष्ट विचारते. जेवलीस का, हे नाही. त्याला सगळ्याजणी हो म्हणतात. काय खाल्लंस, असं विचारते. आईला मी हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा दादा गेले त्याला वर्ष झालं होतं. ती गोंधळली. भावांनी काय खाल्लं, नातवंडांनी काय खाल्लं, सगळं सांगून झालं. मी परत विचारलं, आणि तू?

परवा तिचाच फोन आला. म्हणाली, शेपू मिळाली, कवळी हुती. पोरं अजून यायचीत शेतातून. "म्या आधी वाढून घेतलं बग," ती म्हणाली, आणि बोलता बोलता ती जेवत असल्याचं मला ऐकू येत होतं.