दोन भिंतींमधला वास

राइली हौताकांगासला भिंतीतून मेलेल्या नवऱ्याचा आवाज येतो, म्हणून ती रोज सकाळी लायब्ररीत येऊन भिंतीला चिकटते, असं आमच्या गावात सांगतात. साफ खोटं. नवरा तुर्कू शहरात दुसरीबरोबर मजेत आहे. आणि राइली भिंतीला कान लावतच नाही, नाक लावते.

याचं मूळ जुन्या शाळेत. आर्किटेक्ट म्हणून तिचं पहिलं काम ते. भिंतींच्या पोटात बुरशी धरली, पोरं खोकून खोकून बेजार झाली, शेवटी शाळा पाडली. तेव्हापासून राइली ओल नाकाने शोधते.

पुढे गावाने एकाच छपराखाली लायब्ररी आणि खेळाचा हॉल बांधायचं ठरवलं. इतक्या उत्तरेला दुसरं कोणी यायला तयार होईना, म्हणून नकाशे पुन्हा तिच्याच गळ्यात. सभेत म्हातारा वेइक्को उठला. "सौना नसेल तर तुझी पुस्तकं तूच वाच, पोरी." हात वर झाले, हॉलला लागून वाफेच्या अंघोळीची सौना आली. वाफ आणि कागद शेजारी शेजारी. राइलीने धास्तीने मध्ये एकाऐवजी दोन भिंती घातल्या. त्यांच्यात माणूस आडवा शिरेल एवढी पोकळी, आणि तपासायला हॉलच्या बाजूने एक बुटकं दार.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी तो वास आला. ओलसर, कुजका. शाळेचा.

"लायब्ररी बंद कर," ती ग्रंथपाल सिर्क्कूला म्हणाली.

"आज गोष्टींचा तास आहे गं. पोरं निघालीसुद्धा असतील."

"म्हणूनच."

"अगं, बंद केलीस तर पुन्हा तुझ्याच नावाने शिमगा."

"माहीत आहे. कुलूप लाव."

बुटकं दार उघडून तिने बॅटरी आत धरली. आत काहीतरी काळं लोंबत होतं, थेंब थेंब गळत होतं, पार आढ्यापर्यंत. भिंतच सडून सुटली, असं तिला वाटलं.

मागे अनवाणी पावलं वाजली. सौनातून आलेला, कमरेला टॉवेल गुंडाळलेला वेइक्को. "हात नको लावूस. वाळतायत."

"काय वाळतंय?"

"बर्चच्या डहाळ्यांच्या जुड्या. सौनात अंगावर झोडून घ्यायला नकोत का? एवढी उबदार जागा गावात दुसरी नाही. तू आमच्यासाठीच ठेवलीस ना?"

"आमच्यासाठी म्हणजे किती जणांसाठी?"

"सगळ्यांसाठीच की."

राइली हसली नाही. तिने एकेक जुडी काढली आणि भिंत तळहाताने चाचपली. कोरडी. पुन्हा चाचपली.

दुपारी लायब्ररी उघडली आणि बुटक्या दाराला कुलूप लागलं. मी राइलीला म्हटलं, "सुटलीस. आता उद्यापासून तू काही भिंत हुंगायला येत नाहीस. लाव पैज. हरले तर तुझ्या हुंगण्याची नक्कल कायमची बंद." गावात माझी ती नक्कल फार चालते.

"लावली," ती म्हणाली.

दुसऱ्या सकाळी लायब्ररी उघडायच्या आधीच ती बर्फात उभी. नाक लालभडक.

"सर्दी झालीये," ती हळूच म्हणाली. "काहीच कळत नाही आज. तू हुंगतेस का जरा?"

पैज तर गेलीच होती. मी भिंतीला नाक लावलं, आणि ती श्वास धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.