मडगार्डवरची गादी

गादीवाल्यांना कोणी घरी बोलावलं, की ते दोनच गोष्टी विचारतात. किती वाजता यायचं, आणि तुमच्या दारात उतार आहे का. नसेल तर बिचारे बसने येतात आणि तोंड एवढंसं करून कोपऱ्यात बसतात. असेल तर मग काही विचारू नका. रस्त्याच्या टोकापासून धडधड ऐकू येते, खिडक्यांच्या काचा थरथरायला लागतात, शेजारच्यांचं झोपलेलं पोर उठतं, आणि गादीवाले आत्याबाईवर बसून थाटात दारात हजर होतात.

आत्याबाई म्हणजे त्यांचा ट्रॅक्टर. हलवायला गेलं की आधी कुरकुरतो, मग खोकतो, आणि एकदा निघाला की कोणाच्या बापाचं ऐकत नाही, म्हणून आत्याबाई. वय विचाराल तर गादीवाल्यांपेक्षा जास्त. आणि गादीवाल्यांची शेती विचाराल तर खिडकीतली एक कुंडी, तीही रिकामी. मग ट्रॅक्टर कशाला, असं त्यांना विचारायची चूक माणूस एकदाच करतो. उत्तर संपेपर्यंत संध्याकाळ होते.

धंदा त्यांचा गाद्यांचा. घर वर, दुकान खाली. सोफा, बसची सीट, सलूनची खुर्ची, दातांच्या डॉक्टरची खुर्ची, माणूस जिथे म्हणून बूड टेकतो तिथे गादीवाल्यांचा हात फिरलेला असतो. माप घ्यायचं आणि रेक्झिन कापायचं काम त्यांचं, शिवायचं त्यांच्या बायकोचं. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणते, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. दुकानाच्या मागच्या अंगाला मोठ्या मोटरचं शिलाई मशीन आहे. पायाखालची पट्टी जरा जास्त दाबली तर ते मशीन वीतभर शिवण एका दमात मारून मोकळं होतं. त्याला पाय हलका लागतो. तो वहिनींचा आहे. गादीवाले त्या मशीनवर एकदाच बसले होते, तेव्हा त्यांनी स्वतःची बाही एका सोफ्याला शिवून टाकली होती.

तर एकदा एका वीटभट्टीवाल्याने त्यांना नव्या ट्रॅक्टरच्या सीटचं माप घ्यायला बोलावलं. हे गेले. माप घेऊन निघताना शेडच्या मागे पाहतात तर एक जुना ट्रॅक्टर, गंजलेला, चाकांत गवत वाढलेलं, आणि त्याच्या सीटवर एक कोंबडी बसलेली. यांनी कोंबडीला उठवलं आणि स्वतः बसले. नुसतं माप घ्यायला बसलो, असं ते अजून सांगतात. सीट लोखंडाची, खोलगट, भोकं पाडलेली, खाली एक जाड पट्टीची स्प्रिंग. ना फोम, ना रेक्झिन. आणि बैठक अशी की जणू यांचंच माप घेऊन केलेली. जन्मभर लोकांच्या बुडाखाली फोम कोंबणाऱ्या माणसाला त्या क्षणी वाटलं, अरे, हे कोणी करून ठेवलंय? ते उठेचनात. शेवटी भट्टीवाला म्हणाला, "घेऊन जा बाबा. भंगारातच द्यायचा होता. कोंबडी तेवढी ठेवून जा."

आत्याबाई घरी आली ती दुसऱ्या गाडीला बांधून. मेकॅनिकने इंजिन उघडलं, महिनाभर डोकं खाजवलं आणि चालू करून दिलं. पण सेल्फ-स्टार्टर कामातून गेलेला, त्याचे पार्ट आता कुठे मिळत नाहीत. हँडल मारायची जागा कोणा शहाण्याने पत्रा वेल्ड करून बुजवलेली. म्हणजे राहिला एकच उपाय, उतारावरून सोडायचं. गादीवाल्यांचं नशीब असं की घर गल्लीच्या वरच्या टोकाला. तेव्हापासून त्यांना जगात दुसरं काही दिसेनासं झालं. मुलगी आणि जावई भाड्याने घर शोधत होते, तर यांनी ऊन-वारा-पाणी सोडून त्यांना अंधारं घर घ्यायला लावलं. का, तर दारात काय झकास उतार आहे.

दर रविवारी सकाळी तोच कार्यक्रम. टॉप गियर टाकायचा, क्लच पूर्ण दाबायचा, ब्रेक सोडायचा. आत्याबाई आपल्या वजनाने निघते, इंजिनाचा आवाज न करता. बेकरीपर्यंत नुसती घरंगळते. मग क्लच सोडायचा, पण कधी, ते गादीवाल्यांच्या मते डोळ्यांना कळत नाही, बुडाला कळतं. खालून एक हलका धक्का जाणवला की पाय हळूहळू वर. मग आत्याबाई खोकते, धुराड्यातून काळा गोळा उडतो, अख्खं अंग झडझडून घेते, आणि धड धड धड धड. गादीवाले एकटेच मोठ्याने हसतात. दर रविवारी हसतात. जन्मात पहिल्यांदाच झाल्यासारखे हसतात. बेकरीवाला म्हणतो, पाव फुगायला माझ्या भट्टीची गरजच नाही, या माणसाकडे नुसता ठेवला तरी फुगेल.

आणि हे सगळं नुसतं करून भागत नाही, सांगावंही लागतं. जेवताना, कापताना, शिवताना, झोपताना. क्लच कुठे पकडतो, रेस किती ठेवायची, बंद करायची दांडी कशी अर्धी ओढून मग पूर्ण ओढायची. वहिनी ऐकतात की नाही, देव जाणे. त्यांचं मशीन चालू असतं.

आत्याबाईच्या मागच्या चाकाच्या मडगार्डवर बसून अख्खी गल्ली फिरून आली. बेकरीवाला बसला, दातांचा डॉक्टर बसला, मुलगी बसली, जावई डोळे मिटून बसला. वहिनी बसल्या नाहीत. दर रविवारी गादीवाले दारात उभे राहून विचारायचे, "बसतेस का?" आणि वहिनी म्हणायच्या, "मला नाही बसायचं त्या चाकावर."

गादीवाल्यांना वाटलं, पत्रा टोचत असेल. म्हणून त्यांनी मडगार्डसाठी गादी कापली. तरी नाही. मग जाड फोमची कापली. मग कडेला पायपिंगवाली. मग बटणं लावलेली. प्रत्येक गादी शिवली ती वहिनींनीच. शेवटची तर अशी गलेलठ्ठ झाली की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, ट्रॅक्टरवर कोणीतरी आधीच बसलंय. आणि एवढं होऊन उत्तर तेच.

थट्टेचं जाऊ द्या, पण हे त्यांना लागलं होतं. रविवारी कोपरा वळताना ते उजवीकडे पाहायचे, तिथे ती रिकामी गादी हिंदकळत असायची. इतका आनंद होतो आणि तो वाटून घ्यायला घरचंच माणूस नाही, याला काय करायचं? एकदा तरी तिने बसावं. बास, एवढंच हवं होतं त्यांना.

यंदा गावाबाहेरच्या फुटबॉलच्या मैदानावर जुन्या ट्रॅक्टरांचा मेळावा भरला. दुपारी सगळ्यांनी आपापल्या इंजिनावर मैदानाला एक फेरी मारायची, जोडीला एकजण बसवायचा. ज्याचा चालू होणार नाही त्याला नवा ट्रॅक्टर दोरी बांधून ओढत घरी नेणार. गादीवाले आठ दिवस आधीपासून बॉनेट पुसत होते. वहिनी म्हणाल्या, "मी डबा घेऊन येईन. उन्हात उपाशी फिराल नाहीतर." हे ऐकून गादीवाल्यांना रात्री झोप लागली नाही. मैदानात येतेय म्हणजे बसेल. चारचौघांत नाही कशी म्हणेल?

सकाळी ते थाटात मैदानात शिरले. लोक जमले. कोणी बॉनेटवर हात फिरवतंय, कोणी सीटखाली वाकून स्प्रिंग बघतंय. एकजण ओरडून म्हणाला, "काका, जरा बंद करा ना, तुमचं काही ऐकू येत नाहीये." आता गादीवाल्यांचं बोलणं कोणाला तरी ऐकायचंय, असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. त्यांनी आनंदाने दांडी ओढली. अर्धी, मग पूर्ण.

मग मनसोक्त बोलले. बोलता बोलता त्यांची नजर मैदानावर गेली, आणि तोंड उघडंच राहिलं. फुटबॉलचं मैदान. ताटासारखं सपाट. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत बोटभरही उतार नाही. अख्ख्या गावाचे उतार पाठ असलेला माणूस, आणि येण्याआधी हे एक बघायचं राहिलं.

फेरी सुरू झाली. एकेक ट्रॅक्टर फुरफुरत निघाला. तेवढ्यात डबा घेऊन वहिनीही आल्या. गादीवाले सीटवर मान खाली घालून बसलेले. "काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"उतार नाही," गादीवाले म्हणाले. एवढंच म्हणाले. कोणाच्या घरी वाईट बातमी सांगावी तसं म्हणाले.

लोक चांगले होते. आठ-दहा जण बाह्या सरसावून आले, ढकलू म्हणाले. पण एकाने जाळीला हात लावला, दुसऱ्याने मडगार्डला खांदा दिला, आणि गादीवाल्यांचा जीव वरखाली व्हायला लागला. "अहो, तिथे नको, दबेल ते. थांबा, थांबा, मी दाखवतो." म्हणत ते खाली उतरले आणि एकेकाचा हात धरून जागा दाखवायला लागले. तू इथे, तू तिथे, मी मधे. सगळे जागेवर उभे राहिले, आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की वर कोणीच नाही.

म्हणजे कोणीच नाही असं नाही. वहिनींनी डबा गादीवर ठेवला होता, चपला काढून गवतात ठेवल्या होत्या, आणि त्या लोखंडी सीटवर बसल्या होत्या. टॉप गियर पडल्याचा खट्ट आवाज आला.

"अगं," गादीवाले म्हणाले, "अगं, तो क्लच..."

"दाबलाय. ढकला."

"पण सोडायचा कधी..."

"बुडाला कळतं म्हणे. जेवताना रोज तेच ऐकते मी. ढकला म्हणते ना."

सगळ्यांनी ढकललं. गादीवाल्यांनीही ढकललं, दुसरं काय करणार. आत्याबाई गवतावरून कुरकुरत निघाली, जरा वेग आला, आणखी जरा आला. मशीनवरचा तो हलका पाय हळूच वर आला. आत्याबाई खोकली. काळा गोळा उडाला. धड. धड धड. आणि ती अशी काही निघाली की ढकलणारे सगळे तोंडावर गवतात पडले.

गादीवाले गुडघ्यांवर तसेच राहिले. इतकी वर्षं त्यांनी आत्याबाई चालवली, पण ती चालताना कशी दिसते हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ते कायम वरच. आज पाहिलं. धुराची गाठोडी एकामागून एक वर जातायत, पुढची चाकं नाही नाही म्हणत मान हलवतायत, गादीवर डब्याचं झाकण वाजतंय, आणि वहिनी ताठ बसून, एकट्याच, मोठ्याने हसतायत. गादीवाल्यांना हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. "ती बघा," ते शेजारी पडलेल्या माणसाला म्हणाले, "ती बघा, ती बघा." पण नक्की कोणाला बघायचं ते काही त्यांनी सांगितलं नाही.

फेरी एकच मारायची होती. वहिनींनी दुसरी मारली. दुसरीच्या शेवटी त्यांनी क्लच दाबून आत्याबाई गादीवाल्यांपाशी थांबवली आणि विचारलं, "बसताय का?"

गादीवाले चढले. डबा मांडीवर घेतला आणि गादीवर बसले. मग म्हणाले, "इतकी वर्षं विचारत होतो मी तुला."

"बसतेस का म्हणून विचारत होतात. चालवतेस का म्हणून कधी विचारलंत?"

वळण आलं. मडगार्डला गोलाई, वरून गुळगुळीत रेक्झिन, गादीवाले डब्यासकट घसरत निघाले. त्यांनी दोन्ही हातांनी पत्रा धरला. "घसरते गं ही गादी," ते म्हणाले.

"मला काय सांगता. मीच शिवलीय."

एव्हाना बाकीचे ट्रॅक्टर आपापल्या जागी जाऊन उभे राहिले होते. मैदानात त्या दोघांशिवाय कोणी नव्हतं. वहिनींनी बंद करायच्या दांडीवर हात ठेवला आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"करू का बंद?"

"नको," गादीवाले म्हणाले, "इथे उतार नाही."

मग वहिनींनी रेस वाढवली.