दोन टोप्यांची तक्रार

त्या प्रकरणाची सुरुवात एका टोपीने झाली, त्यामुळे पहिला अर्धा दिवस ठाण्यात ते कुणी मनावर घेतलं नाही. नोकरीतली मोठी म्हणावीत अशी कितीतरी प्रकरणं मी विसरून गेलो. हे मात्र अजून मनात चुळबुळत असतं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. नागपूरच्या उत्तरेला, चुनखडीच्या खदानींच्या भागातलं एक ठाणं माझ्याकडे होतं. चार खोल्या, एक कोठडी आणि माझ्याहून जुना टेलिफोन. सोमवारी दुपारी कोर्टाचं काम आटोपून परतलो, तर हेड कॉन्स्टेबल खुशीत.

“साहेब, टोपीचे दोन मामले आले. दोन्ही एकाच खदानीतले. चोर एकच हाये, लिहून देतो.”

पहिली तक्रार नागपूरच्या एका निवृत्त बड्या अधिकाऱ्याने मोटार पाठवून पोचवली होती. हे गृहस्थ खनिजसंग्राहकांच्या एका मंडळाचे अध्यक्ष. रविवारी ते सभासदांना घेऊन खदानीत दगड गोळा करायला गेले होते आणि तिथे त्यांची सोला हॅट, म्हणजे जुनी साहेबी टोपी, गेली. मजुरांवर संशय. हॅट एका इंग्रज कमिशनरने दिलेली असल्याने तपासही त्याच इतमामाने व्हावा, असा एकंदर सूर होता.

दुसरी तक्रार खदानीच्या मॅनेजरची, फोनवर. “आमच्या सुरुंगवाल्याने टोपी विकली. त्याला घेऊन येतो.”

मी हसत होतो, तो थांबलो. खदानीत टोपी डोक्यावर घालत नाहीत. ती ॲल्युमिनियमची बारीक नळी असते, एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाला उघडी. उघड्या टोकात वात सरकवतात. विस्तव तळापर्यंत पोचला की टोपी उडते आणि तिच्यामुळे सुरुंगाची दारू उडते. नुसती टोपीसुद्धा हाताची बोटं आणि डोळे न्यायला पुरेशी असते. कागदोपत्री तिला डिटोनेटर म्हणतात.

अशा टोप्यांना आमच्याकडे गिऱ्हाईक होतं. विहीर खोल करणारे घेत, नदीत मासे मारणारे घेत. त्यामुळे मॅनेजरचं म्हणणं अगदीच अशक्य नव्हतं. सुरुंगवाल्याला त्याने समोर उभं केलं. जवळच्याच गावचा, चाळिशीचा माणूस. त्याचा परवाना जाणार होता, आणि गुन्हा शाबीत झाला असता तर तुरुंगही होता.

“इकली नाही साहेब,” तो म्हणाला. “काल डबा दगडावर ठेवला, वात कापून राहिलो होतो. मंग पाहिलं त एक टोपी कमी. म्याच मॅनेजरसाहेबाले सांगतलं.”

“तिथे आणखी कोण होतं?”

उत्तर मॅनेजरने दिलं. “आमच्या माणसांशिवाय कुणी नाही.”

सुरुंगवाल्याने मॅनेजरकडे पाहिलं आणि मान खाली घातली. चोरी केलेला माणूस चौकशीत दाराकडे बघतो, नाहीतर छताकडे. मालकाकडे बघतो तो नोकरीला भ्यालेला असतो. शिवाय मॅनेजर खोटं बोलतोय याचा पुरावा माझ्या टेबलावरच होता. कमिशनरसाहेबांची हॅट काही एकटी खदानीत गेली नव्हती. सुरुंगाच्या दिवशी बाहेरच्या मंडळींना आत सोडलं हे उघड झालं असतं, तर खदान बंद पडली असती. त्यापेक्षा सुरुंगवाला स्वस्त.

बाहेर त्याची बायको जेवणाचा डबा घेऊन बसली होती. मला पाहून उठली.

“साहेब, याईनं टोपी इकली असती त मी भाकर आणली असती का? कोंबडी आणली असती.”

हा युक्तिवाद मला मॅनेजरच्या जबाबापेक्षा भक्कम वाटला.

पण टोपी होती कुठे? रविवारी खदानीत जे जे वेचलं गेलं, ते सगळं अध्यक्षांच्या मंडळाबरोबर नागपूरला गेलं होतं. सुरुंगवाल्याला जीपमध्ये मागे बसवून मी नागपूरकडे निघालो. अध्यक्षांच्या बंगल्यावर प्रदर्शनाची तयारी चालू होती. मंत्रिमहोदय उद्घाटनाला येणार होते. व्हरांड्यात सभासद छिन्नी-हातोडीने दगडांचे कोपरे उडवत होते आणि माती सुटावी म्हणून स्टोव्हवरच्या घमेल्यात काही दगड उकळत होते. टोपी त्या दगडांत असती, तर एक ठोका पुरे होता.

“हॅट मिळाली?” अध्यक्षांनी विचारलं.

“नाही. आधी हातोड्या खाली ठेवा. खदानीतून कुणी डिटोनेटर उचलून आणलाय का?”

एकच गिल्ला झाला. आम्ही सुशिक्षित माणसं आहोत, असं तिघांनी एकाच वेळी सांगितलं.

“बरं, टोपी?”

सगळ्यांनी अध्यक्षांच्या टकलाकडे पाहिलं.

मी एकेकाचा चेहरा न्याहाळला. कुणी खोटं बोलत नव्हतं, आणि त्यानेच मी जास्त अस्वस्थ झालो. डिटोनेटर म्हणजे यांच्या लेखी नारळाएवढं, तारा लोंबणारं काहीतरी असणार. मी विचारलेल्या शब्दाला ते प्रामाणिक उत्तर देत होते आणि वस्तू तशीच कुठेतरी पडून होती. मी खिशातलं सिगारेटचं पाकीट काढलं, आतला चंदेरी कागद पेन्सिलीवर गुंडाळला, एक टोक दाबून बंद केलं आणि ती नळी वर धरली.

“असलं काही?”

मागच्या बाजूला एक संस्कृतचे मास्तर चहा पीत होते. ते मान पुढे काढून म्हणाले, “अहो, ही तर आमच्या देवघरात आहे.”

“देवघरात?”

“काल खदानीत एका दगडावर आमच्या हिला सापडली. उदबत्ती छान उभी राहते तिच्यात.”

दिवेलागण होत आली होती. मास्तरांना मी जवळजवळ उचलूनच जीपमध्ये घातलं. त्यांचं घर शहराच्या महाल भागात. वाटेत गिरणी सुटलेली, सीताबर्डीवर सायकलींचा पूर. ड्रायव्हर हॉर्न सोडत नव्हता आणि मास्तर शांतपणे सांगत होते, “काळजी नको. ती आधी तुळशीपाशी दिवा लावते, मग देवाजवळ उदबत्ती.”

दारात मास्तरीणबाई उभ्या. “अहो, जोडे बाहेर!”

मी जोड्यांसकट आत गेलो. पांढऱ्या दगडाच्या खळग्यात ती नळी रोवलेली आणि तिच्यात उदबत्ती धुमसत होती. उदबत्तीच्या खालच्या टोकाला मसाला नसतो, नुसती काडी असते. विस्तव तिथे पोचून विझतो. आदल्या संध्याकाळी घर वाचलं ते त्या रिकाम्या काडीमुळे. आज उदबत्तीची काडी मोडलेली निघाली होती आणि बाईंनी मसाल्याचं टोकच नळीत खोचलं होतं. विस्तव नळीच्या तोंडाशी आला होता.

“सरळ वर, साहेब,” मागून सुरुंगवाला पुटपुटला.

मी उदबत्ती सरळ वर काढली. त्याने नळी अलगद उचलून जीपमधून आणलेल्या रेतीच्या बादलीत ठेवली.

मास्तरीणबाई म्हणाल्या, “मग आता उदबत्ती कशात लावू?”

मॅनेजरने दुसऱ्या दिवशी जबाब बदलला. गैरसमज झाला म्हणे. खदानीवर रीतसर कारवाई झाली. डबा उघडा ठेवल्याबद्दल सुरुंगवाल्याला ताकीद मिळाली, चोरीचा आरोप निघाला आणि परवाना राहिला. हॅट मात्र सापडली नाही. अध्यक्षांची स्मरणपत्रं माझी बदली होईपर्यंत येत होती.

मॅनेजरने जबाब बदलला त्याच दिवशी ठाण्यात मी सुरुंगवाल्याला जायला सांगितलं, तरी तो जागचा हलेना. शेवटी सोबत आलेली त्याची बायकोच बोलली.

“टोपी सापडली, बरं झालं साहेब. पर गावात सारे याईले चोर म्हणून राहिले. त्याईले काय सांगू मी?”

मी जीप काढायला लावली. सुरुंगवाला सवयीने मागे चढू लागला, त्याला पुढे बसवलं. गावात शिरलो तेव्हा पारावर, पानठेल्यावर माणसं उठून उभी राहिली. त्याची बायको खाली उतरली, पदर नीट केला आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “काहून पाहून राहिले गा? साहेब आमच्या घरी चहा प्याले आले हायेत.”

चहाचं काही ठरलं नव्हतं. पण मी प्यालो, आणि अंगणातच बसून, सगळ्यांना दिसेल असा प्यालो.

हरवलेली वस्तू परत देण्याची रीत आम्हाला शिकवलेली असते. पंचनामा होतो, पावती होते. माणसाचं गेलेलं नाव परत देण्याची रीत कुठल्याच नियमात नाही. ठाण्यात घालवलेली अब्रू ठाण्यात परत देऊन चालत नाही, ती त्याच्या गावातच नेऊन द्यावी लागते. त्यानंतर माझ्या ठाण्यातून निर्दोष सुटलेल्या माणसाला शक्य तेव्हा मी स्वतः घरी सोडलं, भर दिवसा आणि पुढच्या सीटवर बसवून.